गस्त घाला, पण शिकून घाला



माल घरात यायला लागला की चोराचे पायही गावाकडे वळतात. पडवीत सोयाबीनची पोती असतात, गोठ्यात शेळ्या असतात, विहिरीवर मोटारीची केबल आणि स्टार्टर असतो. लागोपाठ दोन रात्री चोरी झाली की तिसऱ्या दिवशी पारावर बैठक बसते आणि तरुण मंडळी म्हणतात, "आजपासून गस्त सुरू."

विचार चांगला आहे. पोलीस ठाणे लांबच्या बाजारगावी असते आणि एकेका ठाण्याकडे कितीतरी गावे असतात. आपली राखण आपण करावी, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण हातात काठी, डोळ्यांवर झोप, डोक्यात संताप आणि समोर अनोळखी माणूस, अशा वेळी नेमके काय करायचे हे आपल्याला कुणी शिकवलेले असते का? बहुतेक गावांत याचे उत्तर 'नाही' असेच येईल.

दोन गावांची आठवण

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. जमावाला संशय आला आणि पाचही जणांचा मारहाणीत जीव गेला. त्यांनी कुणाचे मूल पळवले नव्हते.

१६ एप्रिल २०२०. पालघर जिल्ह्यातले गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि लोक रात्रीचा पहारा देत होते. तिथून मोटारीने जाणारे दोन साधू आणि त्यांचा चालक, असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले.

मेलेल्यांची घरे उद्ध्वस्त झाली. पकडले गेले त्यांच्या घरांतही अंधार झाला. जामिनासाठी जमीन गहाण पडते आणि कर्ता पुरुष तुरुंगात गेला की पेरणी कुणी करायची, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून गस्तीला बाहेर पडण्याआधी शिकून घ्या. गस्तवाल्याचे काम पाहणे, लक्षात ठेवणे आणि कळवणे एवढेच आहे. शिक्षा देणे हे त्याचे काम नाही.

कायदा काय सांगतो

आपल्या डोळ्यांदेखत कुणी अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला, तर साध्या नागरिकालाही त्याला पकडता येते. पण विनाकारण वेळ न घालवता, आणि काही झाले तरी सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. नुसता संशय असेल तर हा अधिकार नाही. कुणी अंगावर आला तर स्वतःचा बचाव करता येतो, पण तो बचावापुरताच. बांधून ठेवलेल्या माणसाला मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाचा खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. "मी फक्त एकच काठी मारली" हे म्हणणे तिथे कामाला येणार नाही.

दल कसे उभारावे

पहिली गोष्ट म्हणजे पोलीस पाटलांना पुढे करा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे नेमलेला हा गावचा माणूस आहे. त्यांच्यामार्फत ठाण्यात जा, ग्रामसुरक्षा दलासाठी इच्छुकांची नावे द्या आणि ठाणेदारांना एक संध्याकाळ गावात येऊन माहिती सांगायची विनंती करा. दारू पिणारा आणि तापट माणूस दलात नको, मग तो कितीही धाडसी असो.

चार-पाच जणांची तुकडी करा. पाळीचा कागद ग्रामपंचायतीत लावा. प्रत्येकाजवळ बॅटरी, शिट्टी आणि भरलेला मोबाइल असावा. पायात जाड जोडे हवेतच, कारण रात्री बांधावर विंचू-सापाची भीती असते. काठी ठेवा, ती कुत्र्यासाठी आणि जनावरासाठी. कोयता, कुऱ्हाड, विळा घरी राहू द्या.

तालीम करा

देवळासमोर दोन संध्याकाळी तालीम घ्या. एकाला अनोळखी वाटसरू करा, बाकीच्यांनी गस्त घालावी. तो दिसला की दहा पावलांवर थांबायचे. एकानेच बोलायचे, तेही शांतपणे: "राम राम पाव्हणं, कोणाकडं आलात?" इतरांनी मागे उभे राहायचे, घेराव घालायचा नाही. त्याची जायची वाट मोकळी ठेवायची, कारण कोंडलेले मांजरही अंगावर येते. बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारू नका. भाषा वेगळी, कपडे मळके किंवा वेडसर बोलणे, एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही.

तो पळाला तर अंधारात पाठलाग करू नका. उंची, कपडे, गाडीचा क्रमांक आणि गेलेली दिशा लक्षात ठेवा. चोरीच्या जागी पावलांचे ठसे तुडवू नका, वस्तूंना हात लावू नका.

फोन कुणी करायचा हे आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केला असेल. मदतीचा क्रमांक ११२. गाव, तालुका, जवळची ठळक खूण, काय घडते आहे आणि किती माणसे आहेत, एवढे सांगा. समोरून सांगेपर्यंत फोन ठेवू नका. हेही तालमीत प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या.

रोजचा त्रास

प्रत्येक त्रास बाहेरून येत नाही. दारू पिऊन चौकात शिव्या देणारा आपल्याच आळीतला असतो. त्याच्याशी त्या वेळी वाद घालू नका, हसू नका, चित्रण करून पसरवू नका. त्याचे ज्याच्यावर मन आहे असा मामा, थोरला भाऊ किंवा मित्र पुढे करून त्याला घरी न्या. समजूत सकाळी घाला. हातात हत्यार असेल तर मात्र लोकांना दूर करा आणि ११२ लावा.

एस.टी.च्या थांब्यावर पोरीबाळींना कुणी त्रास देत असेल, तर त्या टोळक्याशी झोंबण्याआधी मुलीजवळ जा. "चल गं, आई वाट बघतेय," एवढे म्हणून तिला सोबत घ्या. मग नावे आणि गाडीचे क्रमांक पोलीस पाटलांना कळवा. हे काम मायबहिणी फार चांगले करतात, म्हणून त्यांनाही दलाच्या बैठकीला बोलवा. मुलगी घरी येऊन सांगते तेव्हा तिची शाळा बंद करू नका. तिची चूक नाही.

अफवेला उंबऱ्यावरच थांबवा

मोबाइलवर "टोळी आली आहे" असा मजकूर आला की तो पुढे ढकलू नका. पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला विचारा. खोटा निघाला तर तसे गावच्या ध्वनिक्षेपकावरून सांगा. भटक्या समाजाची मंडळी गावाशेजारी उतरली तर पोलीस पाटलांनी दिवसाउजेडी जाऊन चौकशी करावी आणि ती गावाला सांगावी. ओळख झाली की भीती कमी होते.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, पाळीचा कागद करा आणि तालमीचा दिवस ठरवा. गेलेली केबल पुन्हा विकत आणता येते, पण गेलेला जीव परत आणता येत नाही. मग तो आपल्या पोराचा असो की परक्या वाटसरूचा.