विश्लेषण : लघवीत जंतू आढळले, तर सांधेरोपण लांबवावे का?

गुडघा किंवा खुब्याच्या सांधेरोपणापूर्वी लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आढळले, की अनेकदा शस्त्रक्रिया पुढे ढकलून अँटिबायोटिक्स सुरू होतात. जळजळ, ताप असे काहीच नसताना त्याची गरज असते का?

भीती कशाची?
हे जंतू रक्तावाटे कृत्रिम सांध्यात पोहोचतील, याची. तिथे संसर्ग झाला तर प्रसंगी सांधाच काढावा लागतो.

अभ्यास काय सांगतो?
२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात २,४९७ रुग्ण होते. लक्षणांविना जंतू असलेल्यांपैकी ४.३ टक्के, तर इतरांपैकी १.४ टक्के रुग्णांना सांध्याचा संसर्ग झाला. मात्र औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ३.९, तर न घेतलेल्यांत ४.७ टक्के, म्हणजे लक्षणीय फरक नाही. शिवाय सांध्यातले जंतू लघवीतल्या जंतूंशी जुळले नाहीत.

मग काय करावे?
लक्षणे नसतील तर अशा शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी आणि उपचार नकोत, असे अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. विनाकारण दिलेल्या औषधाने जंतूंची प्रतिकारशक्ती वाढते. जळजळ, ताप असेल तर मात्र उपचार हवेतच. शस्त्रक्रियेच्या आधी दिले जाणारे प्रतिबंधक इंजेक्शनही टाळू नये.