१७ रुग्णांनंतर

१९५५ साली मेक्सिकोत भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने हिवतापाच्या निर्मूलनाचा विडा उचलला. डीडीटी हे शस्त्र हाताशी होतं आणि पैशाचा मोठा वाटा अमेरिका उचलत होती. काही वर्षांत काम फत्ते करायचं आणि खर्च कायमचा थांबवायचा, असा हिशेब होता. देणाऱ्याला असा हिशेब फार आवडतो.

श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, तो जवळजवळ जुळला. १९३४-३५च्या साथीत तिथे सुमारे ८० हजार माणसं दगावली होती. फवारणी सुरू झाली आणि १९६३ साली देशभरात अवघे १७ रुग्ण सापडले. त्याच वर्षी अमेरिकेने जागतिक मोहिमेच्या खास निधीतून हात काढून घेतला. सिलोनने ठरल्याप्रमाणे फवारणी थांबवली. रक्तनमुने तपासायचं काम तेवढं चालू राहायचं होतं, पण रुग्णच दिसत नसतील तर त्यासाठी माणसं आणि पैसा कोण राखून ठेवणार? १९६८-६९मध्ये रुग्णांचा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. डीडीटीवर बंदी आली म्हणून हे घडलं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खोटं आहे. फवारणी पुन्हा सुरू झाली, पण डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते. मग मॅलॅथिऑन हे महागडं कीटकनाशक आलं, त्यासाठी परदेशी मदतही आली.

भारतातही तेच झालं. १९६५च्या सुमारास वर्षाला लाखभर रुग्ण होते. १९७६मध्ये ते ६४ लाखांवर गेले.

२००२मध्ये हिवतापासारख्या रोगांविरुद्ध पैसा पुरवणारा ग्लोबल फंड आला, २००५मध्ये अमेरिकेने आफ्रिकेसाठी वेगळा कार्यक्रम काढला. औषधी मच्छरदाण्या आणि झटपट चाचण्या गावोगाव पोहोचल्या. ग्लोबल फंडाच्या मदतीने श्रीलंकेने यादवी युद्धाच्या प्रदेशातही काम नेलं. २०१२नंतर तीन वर्षं तिथे स्थानिक लागण झाली नाही आणि २०१६मध्ये देश हिवतापमुक्त जाहीर झाला.

मात्र तिजोरी मोजक्याच हातांत राहिली. २०२३मध्ये जगभर ८३० कोटी डॉलर हवे होते, जमले जेमतेम ४०० कोटी. एकूण निधीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा वर्षानुवर्षं अमेरिकेचाच. जानेवारी २०२५मध्ये तिने परदेशी मदत एका आदेशाने रोखली तेव्हा अनेक देशांची कामं अडली.

श्रीलंकेत डास आहेतच, आणि परदेशातून रुग्णही येतात. त्यांना हुडकणारी यंत्रणा रोज जागी ठेवावी लागते. ग्लोबल फंडाचं वाटप ठरतं ते रोगाचा भार आणि देशाचं उत्पन्न पाहून. शून्य स्थानिक रुग्णांच्या देशाला त्या सूत्रातून फारसं काही मिळत नाही.