शिवी जशीच्या तशी लिहा

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बसायच्या जागेवरून भांडण झालं आणि भाजी विकणाऱ्या एका मावशींना सगळ्यांदेखत जातीवरून शिवी हासडली गेली. ठाण्यात गेल्या तर ‘मिटवून टाका’ म्हणून परत पाठवलं. मी छावणीतच राहते, वकिली करते; शिक्षण शेजारच्या नागसेनवनात, बाबासाहेबांनी 1950 मध्ये काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात झालं. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा हातातल्या अर्जात एकच ओळ होती : ‘जातीवाचक शिवीगाळ केली.’

एवढ्यावर खटला उभा राहणं कठीण. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांसमक्ष झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना दिलेल्या शिवीला त्यातलं अपमानाचं कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. म्हणून कुठे, किती वाजता, कोणाकोणाच्या कानावर पडलं, हे सगळं फिर्यादीत हवं. आणि शब्द जसेच्या तसे हवेत. मावशींना तो शब्द तोंडातून काढवेना. मुलाला बाहेर पाठवलं, मग बोलल्या. ती लाज त्यांची नव्हतीच, हे त्यांना सांगताना माझाच गळा दाटला.

तोंडी फिर्याद लिहून घेणं, वाचून दाखवणं, मग सही घेणं आणि नक्कल देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे; जाणूनबुजून टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. ‘आधी चौकशी करू’ हे उत्तर 2018 च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. तरीही नाकारलं, तर तीच फिर्याद टपालानं पोलीस आयुक्तांना पाठवा. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायालय आहे. 14566 ही मोफत हेल्पलाइन रात्रीही चालू असते.

पीडितांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं तर पुष्कळांना ठाऊकच नसतं. अशा अपमानासाठी 2016 च्या नियमांत एक लाख रुपये ठरले आहेत : गुन्हा नोंदल्यावर चौथा हिस्सा, दोषारोपपत्र गेल्यावर निम्मे, उरलेले शिक्षा झाल्यावर. जातीचा दाखला आणि पासबुक घेऊन समाजकल्याणच्या कार्यालयात पाठपुरावा करावा लागतो. कोर्टात यायचा प्रवासखर्चही मागता येतो.

मावशींचा गुन्हा दुसऱ्या फिर्यादीवर नोंदला गेला. आता आरोपीनं जामीन मागितलाय. त्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आणि ते मावशींनी स्वतः उभं राहून मांडावं, असा माझा आग्रह आहे.