जानेवारीत एकट्याने स्पिती: हँडब्रेक ओढू नका!

हिवाळ्यात मनालीकडून स्पितीत जाता येत नाही, कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. उरतो शिमला-रामपूर-रिकाँग पिओ हा किन्नौरचा रस्ता. खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून सतलजच्या काठाने वर गेलं की शिपकी ला, म्हणजे तिबेटची हद्द. आपण मात्र नाकोकडे वळायचं. भारतीयांना रिकाँग पिओ ते काझा परमिट लागत नाही, फक्त ओळखपत्र जवळ असू द्या.

आता गाडीचं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून खालून भरून आणलेल्या साध्या डिझेलवर विसंबू नका. काझाच्या पंपावर हिवाळी डिझेल मिळतंय का, ते आधी विचारा. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकांना दगड लावायचे, वायपर उभे करायचे. मी पहिल्या रात्री सवयीने हँडब्रेक ओढला. सकाळी मागची चाकं जागची हलेनात! होमस्टेच्या आजींनी काही न बोलता कोमट पाण्याची किटली आणून दिली. (उकळतं पाणी काचेवर चुकूनही नको, तडकते.)

सावलीतल्या वळणांवर रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. तिथे ब्रेक नाही, खालचा गिअर. सकाळी दहाच्या आत निघूच नये, असं माझं मत.

ताबोचा मठ इ.स. 996चा, मातीच्या भिंतींचा. त्यासाठी एक अख्खा दिवस ठेवाच.