सोनं रोळायचं कसं?

आजी तांदूळ रोळते ते कधी नीट बघितलंय? पातेल्यात तांदूळ, वर भरपूर पाणी. पातेलं हलकेच हिंदकळवत ती पाण्याबरोबर थोडे थोडे तांदूळ दुसऱ्या भांड्यात सोडते. शेवटी तळाशी उरतात ते चार-दोन खडे.

आता तांदळाऐवजी नदीची वाळू घ्या आणि पातेल्याऐवजी पसरट थाळा. खड्यांच्या जागी काय उरेल? नशीब असेल तर सोनं!

ऑस्ट्रेलियात बॅलरॅट नावाचं शहर आहे. १८५१ मध्ये तिथं सोनं सापडलं आणि जगभरातून माणसांची रीघ लागली. १८५८ मध्ये तर एकच सलग गोळा निघाला, सुमारे ६९ किलोचा! म्हणजे तुमच्या वर्गातली दोन मुलं एकत्र तोलली तर भरतील तेवढा. आज तिथं सॉव्हरिन हिल हे उघड्यावरचं संग्रहालय आहे. तिथल्या ओढ्याकाठी मुलं थाळे घेऊन बसतात, आणि सापडलेला कण घरी नेतात.

थाळा वाळूनं भरायचा, पाण्यात बुडवायचा, ढेकळं हातानं फोडायची. मग डावी-उजवीकडे जोरात हलवायचं. नवखी माणसं इथंच घाई करतात आणि सोन्यासकट सगळं ओतून देतात. आधी हलवून जड कणांना तळाशी जाऊ द्यायचं, मगच थाळा पुढं कलता करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडायची. पुन्हा हलवायचं, पुन्हा सोडायचं. थाळ्याच्या कडेला आतून खाचा असतात, त्यात जड कण अडकून राहतात.

पण हे सगळं पाण्यातच का करायचं? वही-पेन्सिल घ्या, मला हे गणित फार आवडतं. सारख्याच आकाराचे दोन कण घ्या. वाळूचा कण तेवढ्याच पाण्याच्या २.६५ पट जड असतो, सोन्याचा १९.३ पट. म्हणजे सोनं वाळूच्या साधारण सातपट जड. आता दोन्ही कण पाण्यात बुडवा. पाणी दोघांनाही सारखंच वर उचलून धरतं, म्हणून दोन्ही आकड्यांतून एकेक वजा करा. उरले १.६५ आणि १८.३. करा भागाकार. अकरापट! वाळूचं वजन पाण्यात बरंच कमी होतं, सोन्याला मात्र फारसा फरक पडत नाही.

नदीही हेच करत असते. डोंगरातला खडक झिजतो, त्यातलं सोनं सुटतं, आणि ते गंजत नसल्यामुळं तसंच टिकतं. नदीच्या वळणावर आतल्या बाजूला पाणी मंदावतं, मोठ्या दगडाआड थबकतं. तिथं जड कण खाली बसतात. शोधायचं तिथंच.

वाळू संपत आली की थाळ्यात काळी रेती दिसेल. हिरमुसू नका, ही चांगली खूण आहे! ती बरीचशी लोहखनिजाची असते, म्हणजे जड कण थाळ्यात टिकलेत. ती वाळवून वर लोहचुंबक फिरवा. काळे कण उडी मारून चिकटतील, सोनं जागचं हलणार नाही.

पिवळं चमकलं म्हणून लगेच नाचू नका. त्यावर हाताची सावली धरा. अभ्रक सावलीत विझतं, सोनं पिवळंच दिसतं.

आणखी एक गंमत. सोन्याचा अगदी पातळ पापुद्रा कधीकधी चक्क पाण्यावर तरंगतो! पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्याला पेलून धरतो. मग थाळ्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, की पापुद्रा बुडाला!

घरी करून बघायचंय? जुन्या परातीत वाळू घ्या, तिच्यात सायकलचे दहा छर्रे मिसळा आणि रोळा. दहाच्या दहा परत मिळाले, तर तुमचा हात बसला. फक्त हे बादलीवर करा, नाहीतर वाळूनं मोरी तुंबेल.

आपल्याकडे ही कला सराफांच्या गल्लीत भेटते. दागिना घासताना सोन्याचे बारीक कण उडतात आणि केराबरोबर बाहेर जातात. झारेकरी हा केर आणि गटारातली माती गोळा करतात, आणि पाण्यात हलवत हलवत धुतात. तळाशी उरलेला कण कुणाच्या अंगठीचा, कुणाच्या मंगळसूत्राचा, ते कुणालाच सांगता येत नाही.