मणलीचं तेल आणि लवचिकतेचा आकडा

उत्तर चेन्नईतल्या मणलीला (हिमाचलातल्या मनालीशी गल्लत नको) तेलशुद्धीकरण कारखाना काढायचं ठरलं, तेव्हा 1965 साली स्थापन झालेल्या मद्रास रिफायनरीजमध्ये तीन भागीदार होते. भारत सरकारचे 74 टक्के, अमेरिकेच्या अमोको या तेल कंपनीचे 13 आणि इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीचे 13. इराणच्या दारियस क्षेत्रातलं कच्चं तेल डोळ्यांसमोर ठेवूनच कारखान्याची आखणी झाली. 1969 मध्ये तो सुरू झाला.

त्याच वर्षी हाउटहॅकर आणि मॅगी या अर्थतज्ज्ञांनी देशोदेशींच्या आयात-निर्यातीची लवचिकता मोजणारा निबंध छापला. आर्मिंग्टन या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने मांडलं की एकच माल दोन देशांतून आला तर ते दोन निराळे माल समजावेत. मणलीच्या अभियंत्यांना हे शिकवायला अर्थतज्ज्ञ लागला नसता. एका तेलासाठी बेतलेल्या कारखान्याला दुसरं तेल सहज मानवत नाही.

भाव एक टक्का चढला की खप किती टक्के उतरतो, ती लवचिकता. कांदा महागला म्हणून पोह्यांतून तो हद्दपार होत नाही, थोडा कमी पडतो इतकंच. देशांच्या व्यापारात मार्शल-लर्नर यांची अट अशी की आयात आणि निर्यात या दोन्हींच्या लवचिकतांची बेरीज एकाहून जास्त असेल, तरच चलन स्वस्त करून व्यापारतोल सुधारतो.

इराणला हा नियम लावताना घोडं अडतं. तेलाचा भाव डॉलरमध्ये ठरतो आणि किती तेल काढायचं हे ओपेकच्या वाटाघाटीत किंवा निर्बंधांच्या फासात. रियाल गडगडला म्हणून एक पिंपही जास्त खपत नाही. पिस्ते, केशर, गालिचे यांचं तसं नाही. त्यांना स्वस्त रियाल मानवतो. दोन्ही एकत्र घोटून काढलेला आकडा म्हणजे निव्वळ भेळ. म्हणून क्षेत्रवार मोजणी हवी.

आयातीत पेच आणखी गहिरा. गहू आणि औषधं महागली तरी लागतातच. यंत्रसामग्री तेलाच्या पैशाबरोबर वरखाली होते. पैसा आटला की सरकार परवाने आवळतं. एप्रिल 2018 मध्ये डॉलरचा सरकारी दर 42,000 रियाल ठरला आणि बाजारातला डॉलर त्याला मागे टाकून कुठच्या कुठे गेला. समीकरणात कोणता दर घालायचा? मग हाती येते ती गिऱ्हाइकाची लवचिकता नसते, परवान्यावर सही करणाऱ्याची असते.

शिवाय आकडेवारीला तडे: 1979 ची क्रांती, इराकशी आठ वर्षांचं युद्ध, निर्बंध. अशा तुटपुंज्या मालिकांतूनही अल्पकाळ आणि दीर्घकाळ वेगळे वाचता यावेत म्हणून जगभर वापरली जाणारी एक पद्धत 2001 मध्ये शिन आणि स्मिथ यांच्यासह मांडली ती हाशेम पेसारान यांनी. हे गृहस्थ मूळचे इराणी, तिथल्या मध्यवर्ती बँकेत काम केलेले. पद्धत उत्तम, पण परवान्याला मागणी समजण्याची चूक ती दुरुस्त करत नाही. दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिलेल्या लवचिकतेवर माझा तरी विश्वास नाही.

मे 2019 मध्ये निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि भारताने इराणी तेल घेणं थांबवलं. तेलाचा भाव तेव्हा आडवा आलाच नव्हता. मणलीच्या कंपनीतला इराणी हिस्सा मात्र, नाव बदलून चेन्नई पेट्रोलियम झाल्यावरही, 13 वरून 15 टक्क्यांच्या आसपास जाऊन टिकून राहिला.