अहिफेन, विजया आणि कायद्याची चौकट

शार्ङ्गधर संहितेच्या पूर्वखंडात व्यवायी द्रव्याची व्याख्या आली आहे. पचन होण्यापूर्वीच जे सर्व शरीर व्यापते आणि मग पाकास जाते ते व्यवायी, असे सांगून ग्रंथकाराने उदाहरणादाखल दोन द्रव्ये दिली : भंगा आणि अहिफेन. द्रव्यगुणाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न आपणांपैकी बहुतेकांना विचारला गेला असेल. संहितेत शेजारी बसविलेली ही दोन द्रव्ये आज व्हिएन्ना येथील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागात आणि जिल्ह्याच्या उत्पादनशुल्क अधीक्षकांच्या टेबलावरही शेजारीच आहेत.

मादक द्रव्यांच्या नियंत्रणाचा विषय निघाला की वैद्यवर्गात दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, हा पोलिसांचा विषय, आपला नव्हे. दुसरी, हा आपल्या ग्रंथोक्त औषधांवर परकीयांनी घातलेला घाला आहे. दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर आधारलेली आहेत, असे माझे नम्र मत आहे.

अहिफेन हे मुळात बृहत्त्रयीतील द्रव्य नव्हे. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या संहितांत ते नाही. अरब व्यापाराच्या मार्गाने ते आपल्याकडे आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रसग्रंथकारांनी त्याला उपविषांत स्थान दिले आणि आर्द्रक स्वरसाच्या एकवीस भावना दिल्याखेरीज ते औषधात वापरू नये असा दंडक घातला. विजयेचेही तेच. म्हणजे या द्रव्यांवर पहिले नियंत्रण घातले ते आपल्याच ग्रंथकारांनी, आणि तेही कोणत्याही सरकारने सांगितले म्हणून नव्हे.

पुढे अहिफेन औषध म्हणून राहिले नाही, तो व्यापार झाला. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनी स्वतः लिलावात विकत असे, तर माळव्याची अफू मुंबई व दमण बंदरांतून चीनकडे जाई. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वैभवात या अफूचा वाटा किती मोठा होता हे आज फारसे कोणी आठवत नाही. या व्यापाराविरुद्ध इंग्लंडमध्येच ओरड सुरू झाली तेव्हा १८९३ मध्ये अफूसाठी एक शाही आयोग आणि भांग-गांजा-चरस यांसाठी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमण्यात आले. या दुसऱ्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत वैद्य व हकीम यांचाही समावेश होता. बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही आणि सरसकट बंदी इष्ट नाही, असा निष्कर्ष काढून आयोगाने परवाने व कर यांचा मार्ग सुचविला. सरकारचा महसूल या द्रव्यांत गुंतलेला होता हे खरे. तरीही एखाद्या मादक द्रव्याविषयी नियम करण्यापूर्वी ते वापरणाऱ्या चिकित्सकांना विचारावे, एवढी समज त्या आयोगाला होती.

१९०९ साली शांघाय येथे अफूविषयी पहिली आंतरराष्ट्रीय बैठक झाली, १९१२ मध्ये हेग येथे पहिला करार झाला आणि १९२५ च्या जिनिव्हा करारात भांगवर्गीय द्रव्ये आली. हे सारे विखुरलेले करार एकत्र करून १९६१ चा एकल करार सिद्ध झाला, आणि १३ डिसेंबर १९६४ रोजी तो अमलात आला. अंमली द्रव्यांचे उत्पादन, व्यापार व वापर केवळ वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांपुरताच मर्यादित असावा, हे त्याचे मूळ सूत्र होय. भारताने तो स्वीकारताना अफूचा अर्धवैद्यकीय वापर आणि भांगवर्गीय द्रव्यांचा अवैद्यकीय वापर काही काळ चालू ठेवण्याची मुभा राखून ठेवली होती. पहिल्यास पंधरा, दुसऱ्यास पंचवीस वर्षांची मुदत होती. आपल्याकडील कायदा नेमका १९८५ सालीच का झाला, याचा एक उलगडा या पंचवीस वर्षांच्या मुदतीत आहे.

येथे वैद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. 'वैद्यकीय कारण' म्हणजे कोणाचे वैद्यक? करारात याची व्याख्या नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकृत भाष्यात या शब्दाचा अर्थ केवळ पाश्चात्त्य वैद्यकापुरता घेऊ नये, चीन, भारत, पाकिस्तान यांसारख्या देशांतील मान्यताप्राप्त देशी वैद्यकपद्धतीही विचारात घेता येतील, असे स्पष्ट केले आहे. आपल्या कर्पूररसाला आंतरराष्ट्रीय कायद्यात जी जागा आहे ती या एका वाक्याच्या आधारावर उभी आहे. त्यातील 'मान्यताप्राप्त' हा शब्द डोळ्यांआड करून चालणार नाही.

आता आपला कायदा पाहू. एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा हा अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला आणि १९८९, २००१ व २०१४ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. १९६१ च्या कराराप्रमाणेच यातही गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांविरहित पाने व बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. त्यामुळे पानांची भांग केंद्रीय कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या कक्षेत येते. उत्तर प्रदेश, राजस्थान येथे सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत, तर आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. जातिफलादि चूर्णात इतर सर्व द्रव्यांइतकी भंगा पडते. एकच चूर्ण राज्याची सीमा ओलांडताच वेगळ्या नियमाखाली येते, हा प्रकार औषधनिर्मात्यांना परिचित आहे.

अहिफेनाचे गणित अधिक कठीण आहे. ज्या कल्पात मॉर्फीन ०.२ टक्क्यांहून अधिक नाही, तो कल्प कायद्याच्या दृष्टीने अफू ठरत नाही. अफूत मॉर्फीन साधारण दहा टक्के धरले, तर कल्पात अहिफेन दोन टक्क्यांच्या वर गेले की ही मर्यादा संपते. कर्पूररसात हिंगुल, अहिफेन, मुस्ता, इंद्रयव, जातिफल व कर्पूर ही सहा द्रव्ये समभाग आहेत. म्हणजे अहिफेन एक षष्ठांश, आणि मॉर्फीन सुमारे दीड टक्क्याहून अधिक : मर्यादेच्या जवळजवळ आठपट. शोधनाने प्रमाण काहीसे बदलेल असे मानले तरी हा फरक भरून निघणारा नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर १२५ मिलिग्रॅमच्या एका वटीत अहिफेन २१ मिलिग्रॅम आणि मॉर्फीन दोन मिलिग्रॅमच्या आसपास येते. अतिसारात अल्पकाळ, योग्य रुग्णास दिल्यास ही मात्रा मोठी नाही. चिकित्सक मात्रा पाहतो, कायदा टक्केवारी पाहतो.

अफूच्या शेतीवरील नियंत्रण मात्र अभ्यासण्याजोगे आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर, नीमच, रतलाम, राजस्थानातील चित्तोडगड, प्रतापगड, झालावाड आदी जिल्हे आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग येथेच, ग्वाल्हेरस्थित केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने खसखशीची लागवड होते. बोंडांना चीर देण्याच्या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्याने रोज काढलेला चीक गावचा लंबरदार वजन करून नोंदवहीत लिहितो. हंगाम संपताच सर्व माल सरकारला द्यावा लागतो व तो नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जातो. पूर्वी हेक्टरी किती अफू दिली यावर परवान्याचे नूतनीकरण ठरे, अलीकडे हेक्टरी मॉर्फीन किती निघाले ते पाहतात. काही शेतकऱ्यांना आता चीर न देता बोंडे तशीच सरकारला द्यावी लागतात, कारण चीकच निघाला नाही तर तो चोरवाटेने जाण्याचा प्रश्नच उरत नाही. या व्यवस्थेला गळती नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचा पाया तोळ्या-माशाच्या रोजच्या नोंदीत आहे.

कठोर शिक्षेचा मार्ग किती फळाला आला? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या सर्वेक्षणात सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय द्रव्ये घेत असल्याचे दिसले. त्यांत हेरॉइन १.१४, औषधी गोळ्या-सिरपे ०.९६ आणि कच्ची अफू ०.५२ टक्के. आजोबांच्या पिढीची अफूची गोळी मागे पडली आणि तिच्या जागी तिच्याहून कितीतरी घातक द्रव्य आले. नुसत्या बंदीने व्यसन संपत नाही, कित्येकदा ते केवळ रूप बदलते. अफगाणिस्तानात एप्रिल २०२२ च्या बंदीनंतर खसखशीचे क्षेत्र २,३३,००० हेक्टरांवरून पुढच्या वर्षी १०,८०० हेक्टरांवर आले, आणि त्याच वर्षी म्यानमार जगातील सर्वांत मोठा अफू-उत्पादक देश ठरला.

वनस्पतीवर पहारा बसला की रसायनशाळा उघडते. आपण सोमलता म्हणून ओळखतो त्या एफेड्रातील एफेड्रिन हे श्वासावरील उपयुक्त द्रव्य, पण त्यापासून मेथॅम्फेटामिन तयार होत असल्याने १९८८ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला पूर्वद्रव्यांच्या पहिल्या तक्त्यात घालावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळील एका कारखान्यातून ठाणे पोलिसांनी कित्येक टन एफेड्रिन जप्त केले होते. त्यासाठी कोणा डोंगरावरची वनस्पती उपटली गेली नव्हती.

आता आपल्या घराकडे वळू. काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयात मालवाहू गाडीचा एक चालक आला. सर्वांगमर्द, अतिसार, नासास्राव, तीन रात्री निद्रा नाही. ज्वर नव्हता. बऱ्याच विचारपुशीनंतर त्याने खिशातून पट्टी काढली : कामिनी विद्रावण रस. सुरुवात एका गोळीने झाली होती, आता दिवसाला दहा. धाब्याशेजारच्या टपरीवर मिळतात, पैसे संपल्याने चार दिवस बंद होत्या. "डॉक्टरसाहेब, आयुर्वेदिकच आहे ना, त्याचं काय व्यसन लागणार?" असे त्याने मला विचारले. त्याला शासकीय रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागाकडे पाठविले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी रुग्णास या कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हेही सांगितले. आपल्या बंधुभगिनींनी हे कलम अवश्य लक्षात ठेवावे.

हा एकट्या चालकाचा प्रश्न नाही. या अहिफेनयुक्त गोळ्यांविषयी ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेने जाहीर इशारे दिले आहेत. पानटपरीवर 'मुनक्का' या गोंडस नावाने मिळणाऱ्या भांगेच्या गोळ्यांवर 'आयुर्वेदिक औषध' असे छापलेले असते. हे शक्य होते, कारण आयुर्वेदीय औषधे विकण्यास परवाना लागत नाही. अहिफेन व भंगा औषधनियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. परंतु त्यामुळे वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते, एवढेच. ट्रामाडोल विकणाऱ्या औषधविक्रेत्याला मात्र अनुसूची एच-१ प्रमाणे चिकित्सकाचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. एका बाजूला शेतातल्या चिकाच्या थेंबाची नोंद आणि दुसऱ्या बाजूला त्याच चिकाची गोळी टपरीवर बेहिशेबी. हे फार काळ चालणार नाही, आणि कोणी ते बंद करील तेव्हा टपरीवाल्याबरोबर वैद्याच्याही हातून ही औषधे जातील. इशारा देताना ऑस्ट्रेलियातील अधिकाऱ्यांनी भैषज्यरत्नावली उघडून पाहिली नसेल. त्यांनी पाहिले ते रुग्ण.

सध्या वारे अनुकूल आहेत. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी भांगवर्गीय द्रव्ये सर्वांत कडक अशा चौथ्या अनुसूचीतून काढली. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. पहिल्या अनुसूचीतील नियंत्रण मात्र कायम आहे, हे विजयेच्या तेलाच्या जाहिराती करणारे सांगत नाहीत.

आपल्या संघटनेने सरकारची वाट न पाहता एच-१ च्या धर्तीवर नोंदवही सुरू करावी, असा माझा प्रस्ताव आहे. अहिफेन व भंगायुक्त कल्प देणाऱ्या सभासदाने ती स्वतः ठेवावी. रकाने फार नकोत : दिनांक, रुग्णाचे नाव व वय, रोगनिदान, कल्प, निर्मात्याचे नाव व घाणी क्रमांक, दिलेली संख्या, किती दिवसांसाठी, आणि पुढच्या भेटीच्या वेळी रुग्णाकडे शिल्लक राहिलेल्या गोळ्या.